आजी सभासद

तळेकोंड,
रविवार, २८ जुलै २०२४

रसिकाताई,

सप्रेम जय भीम.

सवयीने या कागदावरही मी आधी जावक क्रमांक घातला होता. मग खोडला. चुलत बहिणीच्या पत्राला जावक क्रमांक नसतो एवढं मला कळतं. नवा कागद घेतला असता, पण तेवढ्यात धीर गेला असता.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, माझ्या नंबरवरून लागत नाही. राकेशभावजींना केला तर म्हणाले, "ती झोपलेय." तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. लोट्याला कंपनीच्या पाळ्या भावजींना असतात, तुला नाही, हे मला माहीत आहे. ते खोटं बोलले म्हणून मला राग नाही. त्यांचा आवाज फार ओशाळा होता.

मागच्या रविवारच्या सभेबद्दल लिहायचं आहे. तू वहाणा न घालता हॉलमधून बाहेर पडलीस. मालनकाकीने त्या नेऊन ठेवल्या आहेत.

तुला वाटतं, मी मुंबईच्या गमरेसाहेबांना सामील आहे. असं वाटणं साहजिक आहे. तुझ्यानंतर कलापथकाचा चिटणीस मी, घटनेची नवी प्रत टाईप करून आणली मी, आणि त्याच प्रतीतला सातवा नियम साहेबांनी सर्वांसमोर वाचला : "सर्वसाधारण सभेत मतदानाचा अधिकार आजीव सभासदांस राहील." लवूकाका ढोलकीवर हात ठेवून म्हणाले, "आजीव म्हंजे कोन?" साहेब म्हणाले, "ज्यांनी एकदाच वर्गणी भरून जन्माचं सभासदत्व घेतलं ते. मुंबईचे आम्ही एकतीस जण. तुम्ही दरसाल नाव नोंदवता, तुम्ही वार्षिक."

मग तू उठलीस. "ही घटना माझ्या हातची आहे. भिवाबाबा सांगत होते, मी लिहीत होते. तिथं 'आजी' आहे. आजी म्हणजे आज जे आहेत ते, आजी-माजीतले आजी. जे गातायत, वाजवतायत ते."

साहेबांनी शेवटचं पान उलटून दाखवलं. "आणि ही सही कोणाची? नऊ जूनची?"

सही तुझी होती. वरखाली मालनकाकी, लवूकाका, कमळावहिनी, सगळ्या अकरा जणांच्या सह्या. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी इतिवृत्ताच्या वहीकडे बघत होतो.

ताई, तो 'व' टायपिंगमध्ये पडला आहे. रत्नागिरीत सलिलच्या दुकानात गर्दी असते, एका वेळी चार जणांचे कागद चालू असतात. एक अक्षर जास्त पडलं, आमच्या नजरेतून सुटलं. यात कोणाचा काही डाव नाही. एवढंच सांगायचं होतं.

भावजींना जय भीम.

शुभंकर

·

तळेकोंड,
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

रसिकाताई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल असं धरून लिहितो.

हॉलला आता साहेबांचं कुलूप आहे. नव्या कार्यकारिणीचा ठराव तू गेल्यावर झाला म्हणून तुला सांगतो : तालमीच्या हॉलची अभ्यासिका करायची, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवायची, आणि जयंतीला, पौर्णिमेला मुंबईहून गायनपार्टी आणायची. पथकाने "अन्यत्र सराव करावा". हे शब्द मीच इतिवृत्तात लिहिले. साहेबांनी "दुसरीकडे जावं" असं सांगितलं होतं. मी "अन्यत्र" घातलं, जरा सौम्य वाटावं म्हणून. आता वाचताना ते जास्तच कडक वाटतं.

तालीम मालनकाकीच्या पडवीत चालते. बाजूला लाकडं रचलेली आहेत, त्यामुळे लवूकाकांना ढोलकी तिरपी धरावी लागते. तुझ्या ओळी कमळावहिनी म्हणतात आणि वरच्या सुराला थांबतात. मग सगळेच थांबतात, आणि मालनकाकी म्हणते, "चला, चा घ्या." मागच्या बुधवारी पाच वेळा चहा झाला.

मी दारात उभा राहतो. आत ये असं कोणी म्हणत नाही, जा असंही म्हणत नाही.

परवा भिवाबाबांना विचारलं, "बाबा, एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही ताईला नेमकं काय सांगितलं होतंत? आजी की आजीव?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मी बोललो, जो आज हाय त्याला मत. तिनं काय लिवलं ता तिला ठाव." मग हसले. "आजीव व्हा म्हनून माज्याबी मागं लागलेले मुंबईवाले. मी बोललो, मी मेलो की संपनार ता सभासदपद, ता घेऊन काय करू?"

एक अडचण आहे. दापोलीजवळच्या मुरुडहून पत्र आलंय. सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिनाच्या कार्यक्रमाला पथक हवंय, होकार कळवा. हे पत्र पथकाच्या नावाने आहे. पण पथक म्हणजे कोण? लेटरहेडवर उत्तर द्यायचं तर कार्यकारिणीची मान्यता लागते, आणि कार्यकारिणी गायनपार्टी पाठवा म्हणेल. कोऱ्या कागदावर लिहिलं तर ते लोक विचारतील, संस्था नोंदलेली आहे ना? अशा पत्राला आठ दिवसांत उत्तर जायला हवं, असं तूच मला शिकवलंस. आज सहावा दिवस आहे. तू असतीस तर काय केलं असतंस?

आणखी एक. मागच्या पत्रात मी सलिलबद्दल लिहिलं ते बरोबर नव्हतं. त्याचं दुकान आहे आणि त्याचं नाव मी उगाच घेतलं, हे मनाला लागून राहिलं आहे.

झालं असं. सरकारी अनुदानाच्या अर्जाला घटनेची सुवाच्य प्रत जोडायची होती. तुझ्या हातची मूळ प्रत मी घेऊन गेलो. सलिल टाईप करत होता, मी शेजारी स्टुलावर बसून वाचून दाखवत होतो. सातव्या नियमाला तो थांबला. म्हणाला, "आजी सभासद? आणि आजोबांना मत नाही का रे तुमच्यात?" मागे बाकावर दोन कॉलेजच्या मुली होत्या. त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, नुसत्या हसल्या. पण माझे कान तापले. मला वाटलं, हे कागद मोठ्या कचेरीत जाणार, तिथेही असंच हसतील, आणि म्हणतील, अकरावीत शाळा सोडलेला चिटणीस नेमला की असंच व्हायचं. मी लगेच म्हणालो, "व राहिलाय. आजीव आहे ते."

तो म्हणाला, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की."

'आजी' हा शब्द मला येत नव्हता असं नाही. आजी-माजी विद्यार्थी मेळावा असं शाळेच्या फाटकावर लिहिलेलं असायचं. पण त्या क्षणी आठवला नाही. मला तुझ्या हातून सुटलेली चूक सुधारल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगतो, जरा बरंही वाटलं. तू माझ्या किती चुका काढल्यास, मी तुझी एकही काढली नव्हती.

शुभंकर

·

तळेकोंड,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

रसिकाताई,

हे पत्र लहान आहे.

सात जूनला, शुक्रवारी, म्हणजे सह्यांच्या सभेच्या दोन दिवस आधी, मी जयगडला बंदराच्या गेटवर ड्युटीवर होतो. गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचं माझं काम. दुपारी गाड्या थांबल्या तेव्हा मी तुझी मूळ प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून बघितली. सातव्या नियमाला थांबलो. तेव्हा मला 'आजी' म्हणजे काय ते आठवलं. तिथे बसल्या बसल्या सगळं लख्ख कळलं, की तू बरोबर होतीस, मी चुकीचं केलं, आणि एका अक्षराने अकरा जणांचं मत गेलं.

तरीही मी गप्प बसलो.

मे महिन्यात गमरेसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "शुभंकर, तुझ्यासारखी हुशार पोरं गेटवर नंबर लिहीत बसलेत, याचं मला वाईट वाटतं. गावात बसायला एक टेबल नाही, दिवा नाही. हॉलमध्ये अभ्यासिका करू. पण गाणारे ऐकायचे नाहीत." माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी बारावीचा बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म दोनदा आणला आणि दोनदा भरला नाही. घरी बसायला जागा नाही, हे तुला माहीत आहे.

साहेबांनी मला 'व' घाल असं सांगितलं नव्हतं. हा नियम ते असा वापरतील हे मला ठाऊक नव्हतं. निदान ठाऊक होतं असं म्हणता येणार नाही. पण नऊ तारखेला मी पान पुढे सरकवत होतो आणि मालनकाकी म्हणाली, "वाचायचं काय त्यात, शुभ्यानं बघितलंय ना," आणि तिने सही केली, तेव्हा मला सांगता आलं असतं. पेन हातात होतं. तू पाचवी सही केलीस. तूही वाचलं नाहीस.

मी चूक केली की लबाडी केली, ते मला ठरवता येत नाही. आधी चूक होती. मग काय झालं ते समजत नाही.

शुभंकर

·

तळेकोंड,
गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४

रसिकाताई,

आज सुट्टी टाकून रत्नागिरीला गेलो होतो. गणपतीच्या गर्दीमुळे येताना एस. टी. मध्ये जागा मिळाली नाही, उभ्याने आलो. तेवढा वेळ विचार करायला मिळाला, पण विचार झाला नाही.

लवूकाकांनी आणि भिवाबाबांनी मला वकील ऋजुता मॅडमकडे पाठवलं होतं. मी चुकून 'व' वाढवला, एवढं मी त्यांना सांगितलं आहे. सात जूनचं सांगितलं नाही. ते फक्त तुला लिहिलं आहे.

मॅडमनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघितल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "अहो, हे सोपं आहे. लेखनातली चूक आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र करा, मूळ प्रत जोडा, दुरुस्तीचा अर्ज करू. मूळ प्रत तुमच्या बाजूने आहे. तुमच्या माणसांना त्यांचं मत मिळेल, आणि मतच नव्हतं म्हणून जे ठराव झाले, ते पुन्हा सभेपुढे आणता येतील."

मग त्यांनी मजकूर सांगितला, मुलीने टाईप केला. तो असा आहे : "सदर चूक माझ्याकडून अनवधानाने झाली असून ती प्रथम माझ्या निदर्शनास दि. ....... रोजी आली." तारखेची जागा त्यांनी रिकामी सोडली आणि माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "ही तारीख लागतेच का?"

"लागते. एकवीस जुलैच्या सभेत कळलं ना तुम्हांला?"

मी विचारलं, "समजा, कोणाला नऊ जूनच्या आधीच कळलेलं असेल तर?"

त्यांनी चष्मा काढला. "समजा कशाला? कोणाला?"

मी म्हणालो, उदाहरणार्थ.

त्या म्हणाल्या, "उदाहरणार्थ, मग ती लेखनातली चूक उरत नाही. चिटणिसाला माहीत होतं, त्याने तसंच सभेपुढे ठेवलं, सभेने सह्या केल्या. मग तो मंजूर मजकूर. तो बदलायचा तर विशेष सभा, दोन तृतीयांश मतं. आणि मतं आता कोणाला आहेत?"

एकतीस जणांना. त्यांतले एकवीस लागतील. त्यांनीच स्वतःपुरता राखलेला अधिकार सोडायचा.

मी कागद घेऊन आलो. बाहेर पडताना मॅडम म्हणाल्या, "शुद्धलेखन छान आहे हो तुमचं. माझ्या मुलीने 'निदर्शनास' चुकवलं होतं, तुम्ही पकडलंत."

ताई, आता बघ. एकवीस जुलै लिहिलं, तर तुला मत मिळतं, मालनकाकीला मिळतं, हॉल मिळतो, मुरुडला होकार जातो. (मुरुडला मी कोऱ्या कागदावर "कळवतो" एवढंच लिहून पाठवलं आहे. त्याची लाज वाटते.) सात जून लिहिलं, तर मी खरं बोललो एवढंच होतं आणि बाकी सगळ्यांचं जातं. सगळ्यांच्या भल्याचं तेच खोटं, असं कसं असू शकतं? यात कुठेतरी माझी समजण्यात चूक होत असेल.

माझं अठरा ऑगस्टचं पत्र तुझ्याकडे आहे. त्यात सात जून लिहिलेलं आहे, माझ्या हाताने, वाराची नोंद करून. मी शपथेवर एकवीस जुलै लिहिलं, तर ते खोटं असल्याचा कागद तुझ्या घरात आहे. तू तो कोणाला दाखवशील म्हणून मी हे लिहीत नाही. कशासाठी लिहितो तेही कळत नाही. तू सांग. एका ओळीत सांग. जी तारीख सांगशील ती घालतो.

शुभंकर

·

तळेकोंड,
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

रसिकाताई,

तुझं पाकीट काल मिळालं.

अक्षर तुझं आहे हे पोस्टमनच्या हातातच दिसलं. मी दारातच फोडलं. आत माझं अठरा ऑगस्टचं पत्र होतं. घडी तीच, माझीच. मी आत बघितलं, पाकीट उलटं करून झटकलं, पाकिटाच्या आतल्या बाजूला काही लिहिलं आहे का तेही बघितलं. काही नाही. समासात पेन्सिलीची खूण असेल म्हणून कागद उजेडात धरला. नाही.

म्हणजे काय, ताई?

मला तीन अर्थ लागतात. एक, तू पुरावा परत केलास आणि म्हणतेस की आता निर्धास्तपणे एकवीस जुलै लिही. दोन, तुला माझ्या हातचा हा कागद घरात नको. तीन, हे माझ्याकडे कशाला पाठवतोस, ज्यांच्या सह्या घेतल्यास त्यांना वाचून दाखव.

तिन्ही तुझ्या स्वभावात बसतात. पहिला अर्थ मला सोयीचा आहे म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही. तिसरा इतका अवघड आहे की तोच खरा असेल असं वाटतं, पण अवघड म्हणून खरा असं तर काही नसतं.

भावजींना फोन केला. म्हणाले, "मला त्यात घेऊ नको रे बाबा. मी दोन वेळेला डबा मागतो, तेवढाच बोलनं हाय आमचं." मग हळूच म्हणाले, "पत्र तिनं उशीखाली ठेवलेलं चार दिवस." कोणतं पत्र ते विचारायच्या आत कंपनीची बस आली.

उद्या मॅडमकडे जायचं आहे. त्यांनी वेळ दिली आहे, साडेदहा.

शुभंकर

·

तळेकोंड,
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

रसिकाताई,

मी सात जून लिहिलं.

का लिहिलं ते नीट सांगता येईल असं वाटलं होतं म्हणून आठ दिवस थांबलो, पण नाही येत. नोटरीच्या टेबलाशी उभा होतो. पाठीमागे दोघे जण होते, कोणाच्यातरी जमिनीचे कागद घेऊन. नोटरी म्हणाले, "चला, तारीख भरा." तू काय म्हणतेस ते माहीत नव्हतं. मत मोठं की शपथ मोठी ते माहीत नव्हतं. मी लबाड आहे की नाही तेही नक्की नव्हतं. तारीख मात्र माहीत होती. मी ती लिहिली.

ऋजुता मॅडमनी कागद घेतला, वाचला. मग म्हणाल्या, "उदाहरणार्थ, नाही का?" त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. "याचा आता अर्जाला उपयोग नाही. विशेष सभा बोलवा. चिटणीस आहात तोवर नोटीस तुम्हीच काढू शकता."

त्याच संध्याकाळी मालनकाकीच्या पडवीत गेलो. तालीम थांबली होती, चहा चालू होता. मी दारात न थांबता आत गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं : सलिलचं दुकान, गेट, सात जून, साहेबांचा मे महिन्यातला फोन, नोटरी.

मग लवूकाकांनी कप खाली ठेवला. "म्हंजे तुला ठाव होता."

"हो."

"आनि माझा अंगठा बाजूला सारून सांगितलंस, काका, सही करा, तुम्हांला येते."

"हो." (त्यांना सही मी मागच्या वर्षी शिकवली. लवू एवढीच करतात. तू होतीस तेव्हा.)

"खोटी तारीख घालायला तुजा हात मोडला असता? खोटं बोलायचं तवा बोलला नाय, गप ऱ्हायलास. आनि आता बोलला तर आमचा फायदा होता, तर ह्यो राजा खरा झाला!"

त्यांचं म्हणणं मला पटतं, तरीही पुन्हा तीच तारीख लिहीन असं वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटतं?

कमळावहिनी रडल्या. म्हणाल्या, "आवो, आमाला कोन एकवीस हात वर करनार?" भिवाबाबा भिंतीला टेकून बसले होते, मला वाटलं झोपले. ते म्हणाले, "पोरानं आज सांगितलं. लवू, तू सांगितला असतास?" लवूकाका म्हणाले, "मी असला कागदच केला नसता!" आणि ढोलकी घेऊन निघून गेले.

मी निघालो तेव्हा मालनकाकी मागून आली. मला वाटलं काही बोलेल. तिने तुझ्या वहाणा एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. "तू जातोस लोट्याला की कसा? नायतर पोस्टानं धाड. माज्या घरात पाय अडकतो त्यांना."

वहाणा या पत्रासोबत पार्सलने पाठवत आहे.

आणखी एक लिहायचं राहिलं. विशेष सभेची नोटीस मी काढली. रविवार, तेरा ऑक्टोबर. आदल्या दिवशी विजयादशमी, मुंबईचे बरेच जण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात येतील. नोटिशीत कारण लिहिलं : "चिटणिसाने माहीत असून न सांगितलेली चूक दुरुस्त करणे." साहेबांचा फोन आला. म्हणाले, "असं कोणी नोटिशीत लिहितं का? अरे, संस्थेची अब्रू जाते." मग थोड्या मऊ आवाजात म्हणाले, "टेबलं आलीयेत. तू अजून बसायला गेला नाहीस." मी म्हणालो, "येतो म्हणजे जातो साहेब."

शुभंकर

·

तळेकोंड,
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

ताई,

कालच आपण फोनवर बोललो, तरी लिहितो आहे, कारण एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही. ती शेवटी लिहितो. आधी कालचं बोलणं माझ्याकडून उतरवून ठेवतो. काही चुकलं असेल तर सांग.

तुझा नंबर दिसला तेव्हा मी गेटवर होतो आणि ट्रकचा नंबर अर्धाच लिहिला. तू "हॅलो" म्हणाली नाहीस. म्हणालीस, "गाढवा, ते पत्र मी परत कशाला पाठवलं होतं?"

मी म्हणालो, "तेच तर मला कळलं नाही."

"जाळायला! जाळायला पाठवलं. चार दिवस मीच जाळणार होते. मग म्हटलं, ज्याचं त्याने जाळावं, म्हणजे त्याला कळेल की मोकळा झाला. आणि तू जाऊन सात जून लिहिलंस?"

"एक ओळ लिहायचीस ना ताई."

"काय लिहू? खोटी शपथ घे म्हणून लिहू? माझ्या हाताने?"

मागे तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग तू हसलीस की रडलीस ते अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. तू म्हणालीस, "बावीस वर्षांचा घोडा झालास आणि अजून मला विचारून तारीख घालायला बघतोस." आणि मग एकदम चिटणीस होतीस तेव्हाच्या आवाजात : "किती हात लागतात?"

"एकवीस."

"एकतीस नावं आहेत तुझ्याकडे? वाच."

मी वाचत गेलो आणि तू एकेकाला थांबवून सांगत गेलीस. याच्या लग्नात आपलं पथक रात्रभर गायलं होतं, हा नाही म्हणणार नाही. याची आई गावात आहे, कमळाला तिच्याकडे पाठव, तू जाऊ नको. हा गमरेच्या शब्दाबाहेर नाही, याला सोड. याला मी फोन करते, हा शाळेत माझ्या मागे बसायचा आणि माझी उत्तरं बघायचा. मी प्रत्येक नावापुढे तू सांगितलेलं लिहीत होतो. चौदाव्या नावापर्यंत आलो आणि गेटवर गाड्यांची रांग लागली. तू म्हणालीस, "ठेव. बाकीची मग." राहिली सतरा.

मुरुडला काय कळवायचं ते विचारायचं राहिलं. तेरा तारखेनंतर कळवतो असं पुन्हा लिहू का?

आता ती गोष्ट.

त्या सोमवारी, सोळा तारखेला, पडवीतून निघाल्यावर मी घरी गेलो नाही. हॉलकडे गेलो. साहेबांनी मला एक किल्ली दिलेली आहे, हे कोणाला सांगितलेलं नाही. आत सहा टेबलं आहेत, प्रत्येकावर दिवा. मी एक दिवा लावला आणि बसलो. ताई, तिथे काहीच ऐकू येत नाही. घरी आई, टीव्ही, शेजारचा पंप. तिथे फक्त दिव्याचा बारीक आवाज येतो. मी इतिहासाचं एक पान वाचलं आणि मला ते पूर्ण कळलं. पहिल्यांदा.

मला अभ्यासिका अजूनही हवी आहे. तुमचं मत परत मिळावं म्हणून मी त्या चौदांतल्या माझ्या वाट्याच्या लोकांना फोन करणार आहे, मनापासून करणार आहे. आणि मत परत मिळालं की तुम्ही पहिला ठराव हॉल परत घेण्याचा कराल, हे मला माहीत आहे. तो इतिवृत्तात मीच लिहीन, मला चिटणीस ठेवलंत तर. तो लिहिताना मला वाईट वाटेल. हे सगळं आता सांगतो आहे, तेरा तारखेच्या आधी, कारण एकदा आधी माहीत असून सांगितलं नव्हतं.

हे वाचून यादीतली राहिलेली नावं माझ्याकडून घ्यायची नसतील, तर मी यादी भिवाबाबांकडे देतो. तू त्यांना फोन कर. माझ्याकडून घ्यायची असतील, तर येत्या शनिवारी माझी दुपारची सुट्टी आहे. चार वाजता मी मोकळा आहे. पंधरावं नाव सुनंदा पवार, विक्रोळी. त्यांच्याबद्दल मला काहीच माहीत नाही.

शुभंकर